सुरैया म्हणजे काय गो?

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत मुख्य सभागृहात पाऊल ठेवलं की मान आपोआप वर जाते. घुमटातून १४ मीटर उंचीचं झुंबर खाली उतरलेलं आहे, आणि त्याच्या स्फटिकांतून येणारा उजेड पायाखालच्या गालिच्यावर सांडलेला असतो. ही मशीद २००१ मध्ये खुली झाली. मी पहिल्यांदा गेले ते नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही तिथे राहायला गेलो त्या वर्षी, एका सकाळी, डोक्यावरून ओढणी घेऊन. माहिती सांगणारी ओमानी बाई तिच्या सोबतिणीशी अरबीत काहीतरी बोलत होती. वर पाहत ती म्हणाली, "थुरय्या".

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, ती कुणाला तरी हाक मारतेय.

मागे कुणीच नव्हतं. बाईंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी झुंबराकडे बोट केलं आणि पुन्हा तोच शब्द उच्चारला. मग दोन्ही हातांची बोटं जुळवून एक छोटा झुपका केला, तो डोक्याच्याही वर उचलून धरला आणि सांगितलं, की हा मूळचा ताऱ्यांचा शब्द. झुंबराला तो नंतर मिळाला. आकाशात अगदी जवळजवळ बसलेले बारीक तारे असतात ना, ते. आणि बाईंच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचं नावही तेच.

ते तारे कोणते हे मला विचारावं लागलं नाही. ते मला चाळीस वर्षांपूर्वी दाभोळच्या अंगणात अण्णांनी दाखवले होते. मी एकटी नव्हते तेव्हा. माझ्या शेजारी सुरैया उभी होती.

*

दाभोळ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं जुनं बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात तिथे अरबस्तानातून घोडे उतरायचे. आमच्या लहानपणी तिथे उतरायची ती मासळी. सुरैयाचे वडील जहाजावर होते, आजोबा तांडेल होते, आणि त्यांचं घर आमच्या घरापासून चार माड सोडून. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिच्या घरचं मी खाल्लेलं आणि माझ्या घरचं तिने खाल्लेलं मोजायला बसले तर तिचंच पारडं जड होईल, कारण तिच्या आईच्या, चाचींच्या हातच्या सांदणांना आमच्या घरात तोड नव्हती.

वर्गात तिच्या नावाचे हाल होते. मास्तर 'सुरया' म्हणायचे, मुलं 'सुरी' म्हणायची. सुरी आली, सुरी चालव, कापू नकोस गं. ती हसून सोडून द्यायची, पण घरी जाताना फार बोलायची नाही. मी कधी त्या मुलांना गप्प केलं नाही. एकदा गावातल्या कुणीतरी कौतुकाने म्हटलं, "वा, नटीचं नाव ठेवलंय." तेव्हाच्या मोठ्या माणसांच्या मनात सुरैया म्हणजे ती गाणारी नटी, १९२९ साली लाहोरला जन्मलेली, मरीन ड्राइव्हला राहणारी. माझ्याही डोक्यात इतकंच बसलं, की हे सिनेमातलं नाव.

त्या वर्षी भाऊबीजेला ती फराळाला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी आम्हा मुलांना अंगणात उभं केलं. चंद्राची कोर केव्हाच बुडाली होती. पूर्वेला माडांच्या शेंड्यांवर एक धूसर पुंजका वर आला होता. "त्या कृत्तिका," अण्णा म्हणाले. "यांच्यावरून हा कार्तिक. यांनीच कार्तिकेयाला दूध पाजलं. सहा आया, म्हणून त्याला सहा तोंडं. मोजा बघू किती दिसतात."

मी मोजले. सहा. भावाला पाच दिसले.

"सात," सुरैया म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी नजर चांगली आहे हो पोरी," इतकंच म्हणाले आणि पुढे रोहिणी दाखवायला लागले.

अण्णांना पंचांग तोंडपाठ होतं. तैत्तिरीय संहितेत कृत्तिका सात सांगितल्या आहेत हेही त्यांना नक्की ठाऊक असणार. पण ज्या पुंजक्याकडे ते बोट दाखवत होते तेच त्यांच्या समोर उभ्या असलेल्या मुलीचं नाव आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

*

मशिदीतून त्या दिवशी मस्कतच्या घरी आल्यावर मी या नावाच्या मागे लागले. तिथल्या सात वर्षांत मला अरबी जेमतेम बाजारापुरती आली, पण हा एक शब्द मी जो भेटेल त्याला विचारला, आणि प्रत्येकाने मला काहीतरी दिलं.

आधी उच्चार. पहिलं अक्षर ना धड 'थ', ना धड 'स'. जिभेचं टोक दातांच्या मध्ये आणून फुंकर घालावी तसा तो आवाज. फारसीत आणि उर्दूत तो 'स' झाला आणि त्याच वाटेने कोकणात 'सुरैया' पोचली. तुर्की लोकांनी 'सुरेय्या' केलं आणि ते मुलग्यांनाही ठेवलं. अफगाणिस्तानच्या राणीचं हे नाव, इराणच्याही एका राणीचं. आणि ज्या 'परवीन' आपल्याला ठाऊक आहेत, त्यांचं नाव म्हणजे याच ताऱ्यांचं फारसी नाव. एका गल्लीत सुरैया आणि परवीन राहत असतील तर त्या नावाने एकच आहेत. आणि त्याच गल्लीत एखादी कृत्तिका असेल तर तीही.

मग अर्थ. शब्दाच्या मुळाशी आहे विपुलता, भरलेपण. त्यातून संपन्न स्त्री अशा अर्थाचा एक शब्द होतो, आणि थुरय्या हे त्याचं लडिवाळ, छोटं रूप. अरबीत शब्द लहान करायची अशी एक रीतच आहे. आपण सोन्याची सोनुली करतो, तसं. म्हणजे 'चिमुकली समृद्धी' किंवा 'भरल्या घरची छकुली' असं काहीतरी. त्या ताऱ्यांना हे नाव का मिळालं याची जुने कोशकार दोन कारणं देतात. एक, एवढ्याशा जागेत इतके तारे दाटले आहेत म्हणून. दुसरं, त्यांच्यासोबत पाऊस येतो आणि पावसासोबत सुबत्ता येते म्हणून.

हे दुसरं कारण ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कारण तैत्तिरीय संहितेत ज्या सात कृत्तिका आहेत त्यांची नावं अशी: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. यातल्या तीन पुन्हा वाचा. ढग आणणारी, मेघ आणणारी, पाऊस पाडणारी. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या दोन लोकांनी, मध्ये समुद्र आणि वाळवंट असताना, त्याच ओंजळभर ताऱ्यांकडे पाहिलं आणि दोघांनाही पाऊस आठवला.

पुढे आणखी एक गंमत कळली. अरबांनी चंद्राच्या वाटेचे २८ मुक्काम मानले. पहिला शरतान, दुसरा बुतैन, तिसरा थुरय्या, चौथा दबरान. आपली नक्षत्रं २७. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी. दोन्हीकडे ती तिसरीच. कुणी कुणाकडून काय घेतलं यावर विद्वानांनी खूप लिहिलं आहे, त्यात मी शिरत नाही. मला तो क्रम बोटांवर मोजायला आवडतो, एवढंच.

या ताऱ्यांवर तिकडची वर्षाची घडी बसलेली होती. एप्रिलच्या अखेरीस सूर्य त्यांच्या जवळ येतो आणि सुमारे चाळीस दिवस थुरय्या दिसेनाशी होते. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे ती पूर्वेला पुन्हा उगवते. आखातातली जुनी माणसं हा दिवस ७ जूनच्या आसपास धरतात. तिथून पुढे होरपळणारा उन्हाळा. आता ७ जून म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला काय आठवतं? मृग! त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. म्हणजे आम्ही पहिल्या सरीची वाट बघत अंगणात उभे, आणि त्याच पहाटे पलीकडच्या किनाऱ्यावर लोक थुरय्या बघून उन्हाची तयारी करतात. त्यांचा पाऊस येतो तो नोव्हेंबरमध्ये, ती पहाटे पश्चिमेला मावळू लागली की.

मदिनेच्या खजुराच्या बागांचीही एक गोष्ट आहे. पैगंबरांचे सहकारी जैद इब्न साबित आपल्या बागेतली फळं थुरय्या उगवेपर्यंत विकत नसत. तोवर पिवळं फळ कोणतं आणि लाल कोणतं हे नीट कळतं. त्याआधी झाडावरच सौदा केला आणि मग रोग पडला तर भांडणं होतात. मला लगेच आमच्याकडची आंब्याची बाग दिसली. मोहोर पाहूनच बाग व्यापाऱ्याला द्यायची, आणि मग अवकाळी पाऊस, तुडतुडे, आणि दोन्ही बाजूंना तोंडं पाडून बसणं. वाळवंटातल्या त्या शेतकऱ्याने एका नक्षत्राला साक्षीला बसवलं होतं.

*

गोष्टीही सांगायला हव्यात, कारण सुरैयाला मी त्या सांगितल्या तेव्हा तिने दोनदा सांगायला लावल्या.

कृत्तिकांच्या मागे जो तांबूस ठळक तारा येतो, आपली रोहिणी, त्याला अरब 'दबरान' म्हणतात. दबरान म्हणजे मागोमाग येणारा. तो गरीब. त्याचा थुरय्यावर जीव जडला. त्याच्या वतीने चंद्राने मागणी घातली. थुरय्या म्हणाली, या फाटक्याशी मी लग्न कसं करू? मग दबरानने आपल्या सगळ्या सांडण्या गोळा केल्या, मेहर म्हणून, म्हणजे लग्नात वधूला द्यायला, आणि तो तिच्या मागे निघाला. त्याच्या आजूबाजूला जे बारके तारे दिसतात त्या त्याच्या सांडण्या. अजून तो चालतोच आहे. आणि आपल्याकडे तोच तारा काय आहे? चंद्राची सगळ्यात लाडकी बायको, जिच्यापायी चंद्राला सासऱ्याचा शाप लागला. तीच दोन-तीन पात्रं, तेच आभाळ, आणि कथा अगदी वेगळी. तिकडच्या चंद्राने दुसऱ्याचं लग्न जुळवायला खटपट केली, इकडचा स्वतःच्या संसारात सापडला.

दुसरी गोष्ट माणसांची. उमर इब्न अबी रबीआ हा मक्केचा कवी, सातव्या शतकातला. प्रेमाच्या कविता लिहिणारा. त्याच्या कवितांतली एक नायिका थुरय्या नावाची खानदानी स्त्री होती. तिचं लग्न सुहैल नावाच्या माणसाशी झालं. सुहैल हेही ताऱ्याचंच नाव, आपला अगस्त्य. उमरने दोन ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा, की थुरय्याला सुहैलशी लावून देणाऱ्या माणसा, यांची गाठ पडायची कशी? ती उगवते शामच्या, म्हणजे सीरियाच्या दिशेला आणि तो यमनच्या. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. तेराशे वर्षं लोक त्या दोन ओळी म्हणतात. ज्याने मला त्या ऐकवल्या तो भाजीवाल्याच्या दुकानातला हिशेबनीस होता, आणि म्हणताना त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

आणि ही नुसती कवीची कल्पना नाही. जुन्या अरबी खलाशांचं होकायंत्र ताऱ्यांचं होतं. क्षितिजाचे ३२ भाग, आणि प्रत्येक भागाला तिथे उगवणाऱ्या किंवा मावळणाऱ्या ताऱ्याचं नाव. त्यात अगदी पूर्वेच्या शेजारी, थोडं उत्तरेकडे, थुरय्या. सुहैल पार खाली, दक्षिणेजवळ. नाखवा सुकाण्यावर बसून या नावांनी दिशा सांगायचा. आपल्या किनाऱ्यावर दहाव्या शतकातच अरब व्यापारी येऊन राहिले होते. मसूदी या प्रवाशाने ९१६ साली चौलला त्यांची मोठी वस्ती पाहिली. जी नावं त्यांच्यासोबत कोकणात उतरली त्यातली काही आधी वाटाड्या होती, हे मला फार मोलाचं वाटतं. सुरैया हे आमच्या गावात दिशेचं नाव होतं आणि आम्ही त्याची सुरी केली. (योगायोग असा की पंचांगात कृत्तिकांची आकृती वस्तऱ्याची सांगितली आहे. पण वर्गातल्या त्या मुलांना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांना माफ करायला ते पुरेसं नाही.)

अरबीत एक म्हण आहे: कुठे थरा आणि कुठे थुरय्या. थरा म्हणजे ओली माती. आपण कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी म्हणतो, ते हेच. पण मला ती म्हण ऐकताना तुलनेपेक्षा ते दोन शब्दच जवळजवळ आल्यासारखे वाटतात. ओली माती आणि तिच्यावर पाऊस आणणारे तारे. एकीवाचून दुसरीचं काय?

*

मुलीचं नाव 'समृद्धी' ठेवणं ही सोपी गोष्ट नाही. ज्या अरबस्तानात हे नाव जन्मलं, तिथेच नवजात मुलींना वाळूत पुरण्याची चाल होती. कुराणात तिची कठोर झडती घेतली आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. अशा मुलखात कुणीतरी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिला म्हटलं, तू भरलेपण आहेस, तू पाऊस आहेस. आणि आपल्याकडे? २०११ साली सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला, त्यात दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव एकच होतं, नकुशी. मी जेव्हा जेव्हा ती बातमी आठवते, तेव्हा मला चाचींची हाक आठवते. माडांच्या पलीकडून, दिवेलागणीला, शेवटचा स्वर लांबवत, "सुरैयाऽऽ". ही बाई रोज संध्याकाळी आपल्या लेकीला समृद्धी म्हणून घरात बोलावत होती आणि मी ते फक्त हाक म्हणून ऐकत होते.

आमच्या घरात बारसं म्हटलं की किती चर्चा! कृत्तिकेवर जन्म असेल तर अ, इ, उ, ए यांतलं अक्षर. मग अर्थ बघायचा, मग आडनावाशी जुळतंय का ते बघायचं. माझ्या भाचीच्या नावासाठी आम्ही चार दिवस जागलो. इतका अर्थाचा सोस असलेल्या घरातून मी आले, आणि दहा वर्षं बाकावर शेजारी बसलेल्या मुलीला एकदाही विचारलं नाही, की सुरैया म्हणजे काय गो? तिचं नाव मला 'त्यांच्यातलं' वाटलं होतं. त्यांच्यातल्या नावांना अर्थ असतो हेच माझ्या मनात आलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

मस्कतहून परतल्यावर मी तिला फोन केला. आम्ही ईदला, दिवाळीला बोलायचोच, पण या वेळी माझ्या आवाजात काहीतरी असणार. ती म्हणाली, "काय गो, बरी आहेस ना?" मी धाप लागल्यासारखं सगळं सांगितलं. झुंबर, झुपका, पाऊस, सात. "अगो, त्या दिवशी अण्णांनी अंगणात दाखवल्या त्या कृत्तिका म्हणजे तूच होतीस."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

त्या भाऊबीजेच्या रात्री ती घरी गेली होती आणि आजोबांना तिने अंगणात ओढत आणलं होतं. अण्णांनी दाखवलेले तारे दाखवले. आजोबा उभा जन्म समुद्रावर काढलेला तांडेल. ते म्हणाले, ती तर तू. तुझा जन्म झाला तेव्हा मी बोटीवर होतो, खबर आली तेव्हा हीच डोक्यावर होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? आणि अण्णा सांगत होते, किती जीव लावून. दुसऱ्या दिवशी येऊन मी कसं सांगू, की तुमच्या नाहीत त्या, माझ्या आहेत?" ती हसली. "पण सात मीच मोजले होते हां."

*

गेल्या कार्तिकात मी पुण्यातल्या गच्चीवर गेले. दिव्यांच्या धुरकट उजेडात पुंजका अस्पष्ट होता. ते तारे सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर आहेत. जो उजेड मला दिसत होता तो निघाला तेव्हा दाभोळात आदिलशाही होती. दुर्बिणीतून पाहिलं तर तिथे हजारावर तारे आहेत म्हणतात. मला चार दिसले. मी फोन लावला.

"अंगणात ये," मी म्हटलं.

दार उघडल्याचा आवाज आला, चपला ओढल्याचा, कुत्र्याला हाकलल्याचा. मग तिची नात मध्ये बोलायला लागली, कोण आहे, कुणाशी बोलतेस. सुरैयाने तिला जवळ घेतलं असावं.

"ते बघ. माडाच्या वर. ते छोटे छोटे. त्यांना काय म्हणतात ठाऊक आहे?"

"दादी, ते तर खूप आहेत."

"मोज बघू."

पोरगी मोजायला लागली. मी गच्चीवर फोन कानाशी धरून उभी होते. ती दोनदा चुकली, दोनदा पुन्हा सुरू केलं. सुरैयाने तिला मध्ये एकदाही टोकलं नाही.